चार नेमणूकपत्रं, पेन्शन मात्र एकच

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स आणि पगारपत्रक सांभाळणारी ३६ वर्षांची एक विवाहिता. २०२६ च्या सुरुवातीला तिच्यापुढे चार वाटा होत्या. आहे तिथंच राहायचं, चिंचोळी एमआयडीसीतल्या इंजिनिअरिंग कंपनीत जायचं, शहरातल्या एका सहकारी बँकेत जायचं, किंवा नवी पेठेतल्या एका कर सल्लागाराच्या छोट्या ऑफिसात. चौघांचीही कागदपत्रं घेऊन ती माझ्याकडे आली. पीएफ आणि ईएसआयची कामं मी करतो. तिचा प्रश्न सरळ होता: "सर, म्हातारपणी कुठल्या नोकरीतून जास्त मिळेल?"

ओळख पटेल असे तपशील मी इथं गाळले आहेत. आकडे मात्र तिच्या कागदांवरचेच आहेत, कारण या प्रकरणात सगळं काही आकड्यांत होतं.

तिला हा प्रश्न का पडला, ते तिच्या घरात डोकावल्याशिवाय कळत नाही. सासरे गिरणी कामगार. गिरणी बंद पडली आणि ५८ व्या वर्षी ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन सुरू झाली, २००९ साली. त्यांचं पासबुक ती सोबत घेऊन आली होती. दर महिन्याला एकच नोंद: १,३७०. पान उलटलं तरी १,३७०, नवं पासबुक काढलं तरी १,३७०. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये झाली, पण सासरे आधीच त्याच्या वर होते, त्यामुळे त्यांना एक रुपयाही वाढून मिळाला नाही. आई विडी कामगार, कुंभारीकडच्या विडी घरकुलात राहते. विडी उद्योगात पीएफचा दर १२ नव्हे, १० टक्के. मालकाच्या त्या दहामधले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि पीएफला जेमतेम १.६७ उरतात. आयुष्यभर विड्या वळून आईच्या खात्यात येतात महिन्याला १,००० रुपये. नवऱ्याचे चार यंत्रमाग आहेत, तेही दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने चालणारे. त्याला ना पीएफ, ना पेन्शन. म्हणजे या घरात पुढची पेन्शन यायची ती हिच्याच नोकरीतून.

चार पर्यायांत काय काय होतं ते सांगतो.

टॉवेल कारखान्यात एकूण पगार २६,०००. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, बाकीचे इतर भत्ते. पीएफ १५,००० वर कापला जातो: तिचे १,८००, मालकाचे १,८००. व्यवसाय कर २०० गेल्यावर हातात २४,०००.

चिंचोळीच्या कंपनीचं पत्र सीटीसीचं, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचं, आकडा ३३,०००. घरच्यांच्या डोळ्यांत भरला तो हाच आकडा. पण सीटीसी म्हणजे पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा १,८००, एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, वाटा १,६५० (बेसिक १६,५०० च्या १० टक्के) आणि ग्रॅच्युइटीपोटी ७९४ आधीच मोजलेले होते. ते वजा केले की पगार २८,७५६, आणि तिचा पीएफ व व्यवसाय कर गेल्यावर हातात २६,७५६.

बँकेचा पगार २८,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता २२,०००. बँक पीएफ पूर्ण २२,००० वर भरते, १५,००० वर थांबत नाही. दोघांचे २,६४० प्रत्येकी. हातात २५,१६०.

छोट्या ऑफिसात ३०,०००. माणसं वीसपेक्षा कमी, म्हणून पीएफ नाही. हातात २९,८००, चौघांत सर्वांत जास्त. मोठ्या नणंदेचं मत होतं की डोळे झाकून हेच घ्यावं.

पेन्शनचा भाग

पेन्शनची तुलना करायला ती आली होती, म्हणून आधी तेच सांगितलं: पहिल्या तिन्ही ठिकाणी पेन्शन अगदी सारखी आहे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस ९५ मध्ये जातात, पण ते १५,००० च्या मर्यादेवरच मोजतात. म्हणजे महिना १,२५०. बेसिक १५,००० असो की २२,०००, पेन्शनकडे जाणारी रक्कम तेवढीच. पेन्शनचं सूत्रही ठरलेलं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं सेवा झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात.

मग फरक कशाने पडतो? वर्षांनी. आणि या प्रकरणातली सगळी गुंतागुंत तिथंच होती.

सध्याच्या कारखान्यात तिची सेवा ९ वर्षं १ महिना. पेन्शनला किमान १० वर्षं लागतात हे तिला ठाऊक होतं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं तिला बजावलं होतं की दहा पूर्ण झाल्याशिवाय हलू नकोस, नाहीतर सगळं पाण्यात. सोलापूरच्या एमआयडीसीत हे वाक्य मी सारखं ऐकतो आणि दर वेळी मनाला लागतं, कारण या भीतीपोटी माणसं चांगल्या नोकऱ्या सोडून देतात. दहा वर्षं एकाच मालकाकडे व्हावी लागत नाहीत. खातं हस्तांतरित केलं की मागची सेवा पुढच्या सेवेला जोडली जाते. पाण्यात जाते ती पैसे काढून घेतले तर.

तिची सेवा खरं तर ९ वर्षं १ महिना नव्हतीच. "याच्या आधी कुठं काम केलंस?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "लग्नाआधी गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये होते, पण ते काय धरायचं?" २०१४ च्या अखेरीपासून २ वर्षं २ महिने. तिथंही पीएफ कापला जात होता. जुनी पे-स्लिप घरातल्या ट्रंकेत सापडली. तिच्यावर यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) होता, तो आताच्या यूएएनपेक्षा वेगळा, आणि नाव माहेरचं. टॉवेल कारखान्यात रुजू होताना सासरच्या नावाचं आधार दिलं, जुना नंबर कुणी विचारला नाही आणि नवा यूएएन तयार झाला. दोन यूएएन, दोन नावं, एक बाई. लग्नानंतर नोकरी बदललेल्या कितीतरी जणींच्या बाबतीत हेच होतं, आणि बहुतेकींना ते ठाऊकही नसतं.

दोन्ही मिळून सेवा ११ वर्षं ३ महिने. म्हणजे दहाचा उंबरठा तिनं कधीच ओलांडला होता.

आता ५८ पर्यंत २२ वर्षं. मागची ११ धरून ३३, अधिक वाढीव २, एकूण ३५. १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिना ७,५००. जुनी दोन वर्षं जोडली नसती तर ३३ वर्षांची पेन्शन आली असती ७,०७१. ट्रंकेतल्या त्या चिठ्ठीची किंमत महिना ४२९ रुपये, जन्मभर, आणि तिच्या पश्चात त्याच्या निम्मे नवऱ्याला.

याहून मोठा धोका दुसरीकडे होता. जुनं खातं सापडलं नसतं तर सेवा दहाच्या आतच धरली गेली असती, आणि नऊ वर्षांचा पेन्शनचा पैसा नोकरी सोडल्यावर काढून घेता आला असता. दीड लाखाहून थोडे कमी हातात आले असते, आणि यंत्रमागाच्या धंद्यात सुताचा भाव चढला की दीड लाख हवेच असतात. नवऱ्यानं तसं सुचवलंही होतं. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० पेक्षा जास्त बेसिकवर नव्यानं सदस्य होणाऱ्याला ईपीएसमध्ये प्रवेशच नाही. चिंचोळीत बेसिक १६,५००, बँकेत २२,०००. पैसे काढून ती तिथं गेली असती तर नवी सदस्य ठरली असती आणि पेन्शन उरली असती शून्य. जुनं सदस्यत्व चालू ठेवून गेली तर पगार कितीही असो, पेन्शन सुरू राहते. ७,५०० आणि शून्य यांच्यातला हा फरक कुठल्याच नेमणूकपत्रात लिहिलेला नसतो.

म्हणून नव्या ठिकाणी भरायचा फॉर्म ११ मी तिच्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: यापूर्वी कर्मचारी पेन्शन योजना १९९५ चे सदस्य होता का? इथं घाईत "नाही" वर खूण झाली की मालकाचा पूर्ण वाटा पीएफमध्ये जातो आणि पेन्शनची सेवा गुपचूप थांबते. पगार कापला जातच असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ती स्वतः पगारपत्रक सांभाळते, तरी इतरांचे फॉर्म ११ भरताना या ओळीचा असा विचार तिनं कधी केला नव्हता.

जिथं खरा फरक आहे

पेन्शन सारखीच म्हटल्यावर तुलना उरते ती बाजूला साठणाऱ्या पैशाची. महिन्याला मालक स्वतःच्या खिशातून काय घालतो ते पाहा: कारखाना १,८००, चिंचोळी ३,४५०, बँक २,६४०, छोटं ऑफिस शून्य. तिचा स्वतःचा वाटा धरला तर एकूण ३,६००, ५,२५०, ५,२८० आणि शून्य.

छोट्या ऑफिसचं गणित मी मुद्दाम सविस्तर मांडलं, कारण घरचा कौल त्याच बाजूला होता. समज, २९,८०० मधून तू स्वतःच शिस्तीनं ५,२८० बाजूला टाकलेस, बँकेत असतीस तर जेवढे पडले असते तेवढेच. मग हातात उरतात २४,५२०. बँकेत उरतात २५,१६०. म्हणजे सर्वांत जास्त पगाराच्या नोकरीत, तेवढीच बचत केली तर, हातात ६४० कमी. शिवाय ईपीएसची सेवा ११ वर्षांवर गोठणार आणि पेन्शन येणार २,३५७. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफ सदस्याच्या कुटुंबाला मिळणारा ईडीएलआयचा विमा, ७ लाखांपर्यंतचा, तोही नाही. सध्याच्या कारखान्याच्या तुलनेत मात्र छोटं ऑफिस वाईट नव्हतं. ३,६०० बाजूला टाकूनही हातात २६,२०० उरले असते. म्हणजे नणंदबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आताची नोकरी कमी देत होती, एवढं त्यांना बरोबर दिसलं होतं.

बँक आणि चिंचोळी यांतली निवड अवघड होती. २२ वर्षं दरसाल ८ टक्के धरले (पीएफचं व्याज २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं, पण इतक्या लांबच्या हिशेबात थोडं खालीच धरावं) आणि पगार वाढलाच नाही असं मानलं, तर बँकेत पीएफची नवी रक्कम सुमारे २७ लाख ८० हजार होते. कारखान्यात १६ लाख २० हजार. चिंचोळीत पीएफचे तेवढेच १६ लाख २० हजार, आणि एनपीएसनंही ८ टक्के दिले तर वर ११ लाख ४० हजार. बेरीज बँकेच्या जवळपास. फरक असा की चिंचोळीत हातात महिना १,५९६ जास्त येतात.

पण "एनपीएसनंही दिले तर" यात बरंच काही दडलेलं आहे. पीएफचं व्याज दरवर्षी जाहीर होतं, एनपीएसचा परतावा बाजारावर चालतो. आठच्या जागी दहा मिळू शकतात, सहाही मिळू शकतात. पैसे बरीच वर्षं अडकतात. शेवटी काही हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा कंपनीच्या योजनेत, घालावाच लागतो. पूर्वी तो किमान ४० टक्के होता, खासगी क्षेत्रातल्या सदस्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये तो किमान २० टक्क्यांवर आला. उरलेला एकरकमी घेता येतो.

कंपनीच्या एचआरनं तिला एनपीएसचा मुख्य फायदा म्हणून करसवलत सांगितली होती. मालकाच्या वाट्यावर नव्या करप्रणालीत बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, हे खरंच आहे. पण तिचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत-बाहेर. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करच लागत नाही. तिला सवलत मिळणार होती ती न लागणाऱ्या करावर. दोष एचआरचा नाही, सगळ्यांना दाखवायची एकच पीपीटी त्यांच्याकडे असते.

एक आठवण तिच्या दिरामुळे निघाली. ते जिल्हा परिषदेत आहेत, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेले, म्हणजे जुन्या पेन्शनबाहेरचे. त्यांच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर सरकार एनपीएसमध्ये १४ टक्के घालतं. चिंचोळीची कंपनी पीएफ आणि एनपीएस मिळून बेसिकच्या जवळपास २१ टक्के घालणार होती. बेसिक लहान आहे हे मान्य, पण "पेन्शन म्हणजे सरकारी नोकरी" असं मानणाऱ्या त्या घरात हा आकडा ऐकून सगळे थोडा वेळ गप्प झाले.

माझी शंका वेगळीच होती. पत्रात एनपीएसपुढे शब्द होते "कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार". धोरण उद्या बदलू शकतं. पीएफचे १,८०० कायद्याचे आहेत, एनपीएसचे १,६५० कंपनीच्या मर्जीचे. मी तिला ईमेलवर एकच प्रश्न विचारायला लावला: कंपनीनं हे योगदान पुढे बंद केलं, तर ती रक्कम मला पगारात मिळेल का? उत्तर आलं की सीटीसी तेवढाच राहील आणि रक्कम विशेष भत्त्यात वळवली जाईल. तो ईमेल तिनं नेमणूकपत्रासोबत ठेवला. एवढ्यानं माझी शंका बरीचशी फिटली.

मालकाचा शेवटचा प्रस्ताव

तिनं राजीनाम्याचं बोलल्यावर कारखान्याच्या मालकांनी थांबवायचा प्रयत्न केला. नऊ वर्षांचं माणूस, सगळी पगारपत्रकं तिच्या हातातली. २,५०० वाढवतो म्हणाले, विशेष भत्त्यात. हातात २६,५००, म्हणजे चिंचोळीपेक्षा २५६ च कमी, आणि घरापासून जवळ. मनापासून दिलेला प्रस्ताव होता, आणि तीही विचारात पडली. पण भत्त्यात वाढ म्हणजे पीएफ तिथंच. मालकाचा वाटा १,८०० वर राहणार, समोर ३,४५०. २५६ आणि १,६५० मिळून महिना १,९०६ चा फरक.

ग्रॅच्युइटी बुडेल ही भीतीही तिला दाखवली गेली होती. पाच वर्षं झाल्यावर राजीनामा दिला तरी ती मिळतेच. नऊ वर्षांची, १५/२६ च्या हिशेबानं (महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला १५ दिवसांचा पगार), १५,००० वर ७७,८८५ रुपये, आणि तीस दिवसांत द्यायची असते.

काय ठरलं

ती चिंचोळीला गेली. बस सकाळी लवकर निघते, संध्याकाळी उशिरा येते, आणि मुलाच्या शाळेचं वेळापत्रक आता सासऱ्यांकडे आहे. पुणे रस्त्यावरचा तो प्रवास नको असता तर मी बँकही तितक्याच खुशीनं सांगितली असती. दोन्हीकडे तिचं भलंच होतं.

जाण्याआधी यूएएनचं काम हाती घेतलं. गणवेशाचं युनिट चालू होतं हे बरं झालं. विवाह प्रमाणपत्र जोडून नाव बदलण्याचा संयुक्त अर्ज केला, युनिटच्या मालकांनी तो मंजूर केला, मग जुन्या यूएएनचं खातं नव्यात हस्तांतरित झालं. पासबुकात पीएफची रक्कम आधी दिसली. सेवेच्या नोंदीत जुनी दोन वर्षं दिसायला त्यापुढे वेळ लागला, आणि तोवर मी तिला राजीनाम्याची तारीख पक्की करू दिली नाही.

७,५०० वर समाधान मानू नकोस, हेही सांगितलं. महागाई ५ टक्के धरली तर २२ वर्षांनंतरचे ७,५०० म्हणजे आजचे सुमारे २,५६०. सासऱ्यांचं पासबुक समोर असल्यामुळे हे तिला समजावावं लागलं नाही. चिंचोळीत हातात जे जास्त येतात त्यातले १,००० तिनं स्वेच्छा पीएफला लावले.

नवऱ्याचं वय ३९, चाळिसाव्याला काही महिने बाकी होते. अटल पेन्शन योजनेत प्रवेश १८ ते ४० वयापर्यंतच, आणि आयकर भरणाऱ्यांना नाही, तो भरत नाही. ३९ व्या वर्षी ५,००० च्या पेन्शनसाठी महिना १,३१८ भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. तोही आकडा महागाईबरोबर वाढणारा नाही, पण त्याच्या पश्चात तीच पेन्शन हिला मिळते आणि दोघांच्या पश्चात वारसाला जमा रक्कम मिळते. त्यानं खातं उघडलं. हप्ता त्याच्या खात्यातून जातो, यंत्रमाग बंद असलेल्या महिन्यात ती भर घालते.

नव्या नोकरीतल्या पहिल्या महिन्याच्या पीएफ पासबुकाचं पान तिनं मला पाठवलं. पेन्शनच्या रकान्यात १,२५० होते.